व्यापारशाळेची पत

आमचें देऊळगांव राजा हें बुलढाणें जिल्ह्यांतील लहानसें गांव असलें, तरी बालाजीच्या नांवानें तें दूरवर प्रसिद्ध आहे. आश्विनांत येथें यात्रा भरते, सागवानी उंच लाटा उभारल्या जातात. एका अंगास जिजाऊंचें जन्मस्थान सिंदखेड राजा, तर दुसऱ्या अंगास जालन्याची मोठी बाजारपेठ. अशा गांवांत ‘पत’ हा शब्द मुलांना मुळाक्षरांआधींच कळतो. दुकानाची पाटी कितीहि रंगीत असो, दिलेला शब्द पाळणाऱ्यालाच माल उधार मिळतो.

गेल्या वर्षीं आमच्या घरांत ह्याच शब्दाची परीक्षा झाली. पुतण्याची कन्या वाणिज्याची पदवी घेऊन आली व पुढें व्यवस्थापनशास्त्र शिकण्याची इच्छा तिनें प्रकट केली. एका खाजगी संस्थेचें झगझगीत माहितीपत्रक घरीं आलें होतें. त्यांतील शुल्काचा आंकडा ऐकून वडील मंडळी स्तब्ध झाली. शेत गहाण ठेवावें काय, येथपर्यंत मजल गेली. तेव्हां सरकारी विद्यापीठांच्या व्यापारशाळा आधीं डोळ्यांनीं पाहाव्या असें ठरवून पुतण्या, ती मुलगी व मी असे तिघे निघालों.

प्रथम चिखली, खामगांव, अकोला ह्या मार्गानें अमरावती गांठली. हें विद्यापीठ १९८३ सालच्या १ मे रोजीं नागपूर विद्यापीठांतून वेगळें झालें, आणि आज त्यास संत गाडगे बाबांचें नांव आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणें व वाशीम हे पांच जिल्हे त्याच्या छायेंत येतात. तेथील व्यवसाय-प्रशासनाच्या विभागांत आम्हांस भेटलीं तीं शेतकऱ्यांचीं, शिक्षकांचीं, लहान दुकानदारांचीं मुलें. इंग्रजींत बोलतांना अडखळणाऱ्या एका मुलीनें आम्हांस मराठींत ताळेबंद असा समजावून दिला कीं, पुतण्याहि थक्क झाला.

तेथून परतल्यावर कांहीं दिवसांनीं जालन्याहून आगगाडीनें मुंबईस गेलों. चर्चगेट स्थानकापासून जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुंबई विद्यापीठानें १९६५ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यापारशाळेचें साहाय्य घेऊन ती स्थापिली. विस्तीर्ण उपवनें वा क्रीडांगणें शोधणाऱ्याची येथें निराशाच होईल. भर शहरांतील ती एक इमारत आहे. परंतु उदय कोटक, विनिता बाली, नितीन परांजपे ह्यांच्यासारखे उद्योगधुरीण येथूनच बाहेर पडले, आणि म्हणून लोक तिला विनोदानें मुख्याधिकाऱ्यांचा कारखाना म्हणतात. नामांकित खाजगी संस्थांच्या मानानें शुल्क मात्र पुष्कळच कमी.

ही कीर्ति निर्माण कशी होते? वाचकहो, आयुष्य शाळेंत घालविलेल्या माणसास येथें थोडी शंका येते. जिल्ह्यांतील अव्वल मुलें वेंचून एकाच वर्गांत बसविलीं, तर त्यांच्या निकालाचें श्रेय गुरुजींना किती द्यावें? राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेंत अगदीं वरच्या श्रेणींत उतरलेलींच मुलें चर्चगेटच्या दारांतून आंत जातात. म्हणून तिचें यश खोटें ठरत नाहीं. तल्लख सोबती, शेजारची व्यापारपेठ आणि आधीं होऊन गेलेल्या विद्यार्थ्यांचा शब्द ह्यांचें मोल मोठेंच आहे, व कीर्तीच्या ओढीनें पुन्हां उत्तम विद्यार्थीच येतात. तथापि शाळेचें खरें माप विद्यार्थी पोंचला कोठें एवढ्यावर घेऊं नये. तो निघाला कोठून हेंहि पाहावें. ह्या मापानें अमरावतीची शाळा दिसते तितकी लहान नाहीं.

आणखी एक गोष्ट परतीच्या प्रवासांत मनांत घोळत राहिली. कौटिल्यानें चार विद्यांत वार्तेस, म्हणजे कृषि, पशुपालन व वाणिज्य ह्यांस, मानाचें स्थान दिलें. द्रव्यार्जनाची विद्या आपल्याकडे हलकी मानलेली नाहीं. प्रश्न आहे तो द्रव्य कोणाचें समजून हाताळावें हा. जमनालालजी आमच्या विदर्भांतील वर्ध्याचेच व्यापारी. त्यांनीं १९२१ सालीं रायबहादुरकी परत केली, १९२८ सालीं आपलें लक्ष्मीनारायणाचें मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें केलें, आणि गांधीजींचें विश्वस्तवृत्तीचें तत्त्व आपल्या पेढीस लावण्याचा १९४२ मधील मृत्यूपर्यंत यत्न केला. गाडगे बाबांस तर शाळा लाभलीच नाहीं. पण लोकांनीं दिलेल्या पैशांतून त्यांनीं धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र १९५६ मध्यें देह ठेवीपर्यंत फाटक्या वस्त्रांतच राहिले. एकाच्या हातीं तिजोरीची किल्ली, दुसऱ्याच्या हातीं खराटा. परंतु दोघेहि परक्या धनाचे राखणदार. दोन्ही संस्थांच्या दारांवर अशीं नांवें असणें ही मोठीच जबाबदारी आहे.

म्हणून ज्या घरीं असा प्रश्न उभा राहील, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं माहितीपत्रकांतील चित्रें बाजूस ठेवावीं आणि तीन गोष्टी विचाराव्या: शिकवितात कोण, आपल्यासारख्या घरांतून आलेलीं मुलें पुढें कोठें पोंचलीं, आणि कर्ज फेडण्याच्या चिंतेनें मुलाचे हात बांधले तर जाणार नाहींत ना. आमच्या घरीं निर्णय झाला आहे. मुलगी यंदा प्रवेशपरीक्षेस बसेल. गुण उत्तम पडले तर चर्चगेट, नाहीं तर अमरावती. दोन्हींकडे ती आनंदानें जाईल. शेत मात्र गहाण पडणार नाहीं.