पावणेतीन सेंटीमीटर

गेले चार दिवस मी भेटेल त्याला भिंतीशी उभा करून त्याचे पाय मोजतोय. बायकोने कपाळाला हात लावलाय, पण मला राहवतच नाही!

वर्षभर रोडबाइक चालवतोय. रविवारी पहाटे खडकवासला, अंगात आलंच तर बोपदेव घाट. आणि वर्षभर गुडघा पुढून ठणकतोय, मान आखडतेय, करंगळ्या बधिर होतायत. पंचेचाळिशी उलटली, चालायचंच, अशी मी मनाची समजूत घातली होती.

मागच्या आठवड्यात टपरीवर चहा घेताना आमच्या ग्रुपमधल्या काकांनी सायकलकडे एकवार बघितलं. "काय रे, माप घेऊन घेतलीस की रंग बघून?"

रंग बघून! दुकानदाराने उंची विचारली, मी पाच फूट आठ म्हटलं, त्याने शिल्लक असलेली छप्पन्नची फ्रेम पुढे केली. चप्पलसुद्धा मी दोनदा घालून बघतो हो!

काकांनी तसंच घरी नेलं. अनवाणी, पाठ भिंतीला. दोन पायांमध्ये एक जाडजूड शब्दकोश, सीटवर बसल्यावर टेकेल तितका घट्ट वर दाबलेला. त्याच्या वरच्या कडेशी पेन्सिलीची खूण, जमिनीपासून टेप: ७९ सेंटीमीटर. गुणिले ०.८८३. तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडमुळे गाजलेलं हे सूत्र. उत्तर ६९.८. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर हवं. माझं होतं ६७!

सीट वर घेतली. मग टाच पेडलवर ठेवून पेडल पार खाली नेलं, तर पाय नेमका सरळ! दोन्ही हिशेब जुळले. चवडा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. सीट फार वर गेली तर कंबर डावी-उजवी डुलते आणि गुडघा मागून दुखतो. खाली राहिली तर पुढून. म्हणजे माझा गुडघा वर्षभर खरं तेच सांगत होता!

पण मान? काका म्हणाले, "ती फ्रेमची तक्रार." ७९ गुणिले ०.६७, म्हणजे फ्रेमचं माप ५३ च्या आसपास हवं. अर्थात हा आकडा जुन्या, आडवी नळी सरळ असलेल्या फ्रेमचा. आता नळ्या उतरत्या असतात आणि एका कंपनीची चोपन्न दुसरीच्या चोपन्नसारखी नसते. म्हणून स्टॅक आणि रीच बघायचे: क्रँकपासून हँडलखालच्या नळीचा माथा किती उंच आणि किती पुढे. मी हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे सरकवली होती. चूक! सीटची जागा पायांवरून ठरते. हातांसाठी स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, बदलायचा. फ्रेमच मोठी असेल तर तोही किती आखूड करणार?

मग काकांची चोपन्न चालवायला घेतली. फरक असेल बोटभराचा. पण कोपरं आपोआप वाकली, खांदे कानांपासून खाली उतरले, आणि ब्रेकच्या हूडवर हात इतके हलके की पेटी वाजवावी! खडकवासला कधी आलं, कळलंच नाही.

माझी छप्पन्न विकायला काढली आहे. फोन येतात, "किंमत किती?"

मी म्हणतो, "किमतीचं नंतर बघू. घरात जाड शब्दकोश आहे का?"