रॉडावरचं वजन

भाट्याचा पूल मागे टाकून फणसोपच्या चढाला लागलो, पहिला गिअर टाकला आणि मागून सुरुंगासारखा आवाज झाला. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं. आरशात पाहिलं तर मागचं उजवं चाक ड्रमसकट वीतभर बाहेर आलेलं, आणि गाडी उताराकडे सरकतेय. धाकट्या भावानं उडी मारली, हौद्यातला एक चिरा ओढून पुढच्या चाकामागे टाकला. गाडी थांबली. मागे रस्त्यावर कोणी नव्हतं.

हौद्यात साठ चिरे होते. जांभ्याचा एक चिरा तीस किलोच्या घरात भरतो. पिकअपचं पासिंग एक टनाचं, आणि मी पावणेदोन टनांच्या वर भरले होते. खाणीपासून घर नऊ किलोमीटर, दोन फेऱ्यांऐवजी एकीत काम होईल, एवढाच हिशेब मी केला होता.

गाडी ओढून गॅरेजला आणली. मेस्त्रींचं वय सत्तरीच्या पुढचं. वडापच्या जीपगाड्यांवर त्यांचा हात बसला. त्यांनी मागच्या एक्सलचा तुटलेला रॉड उजेडात धरला आणि मला तोंडावरचे दोन रंग दाखवले. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या असलेला. उरलेला भाग ताजा, साखरेसारखा चमकणारा. "हा काळा भाग आज तुटलेला नाही," ते म्हणाले. "तडा कधीचा चालत होता. आज फक्त उरलेलं गेलं. आणि वजन तू चाकावर टाकलं नाहीस, रॉडावर टाकलंस."

हे वाक्य नीट समजायला मला एक दिवस लागला, म्हणून ते सविस्तर सांगतो. माझ्या गाडीचा मागचा एक्सल सेमी फ्लोटिंग होता. हौद्याचं वजन स्प्रिंगच्या पाट्यांवर येतं, पाट्यांवरून हाउसिंगच्या नळीवर, नळीच्या टोकाच्या बेअरिंगवर, आणि तिथून थेट त्या रॉडावर. कारण चाक रॉडाच्याच टोकाला बसवलेलं असतं. म्हणजे रॉडानं गाडी ओढायचीही आणि मालही पेलायचा. शिवाय रॉड फिरता. वर असलेली बाजू अर्ध्या फेरीनंतर खाली जाते, त्यामुळे ताण आणि दाब एकाच जागी आलटून पालटून येत राहतात. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर किलोमीटरला साडेचारशे वेळा हा रॉड वाकून सरळ होतो. आंबा पोचवायला रत्नागिरी ते वाशी सव्वातीनशे किलोमीटर. एका फेरीत दीड लाखाच्या आसपास. गेल्या काही हंगामांत किती वेळा जादा पेट्या घातल्या ते मी त्या रात्री आठवत बसलो.

फुल फ्लोटिंग एक्सलमध्ये चाकाचा हब नळीवरच दोन बेअरिंगांवर फिरतो. माल नळी पेलते आणि रॉड फक्त चाक फिरवतो. रॉड तुटला तरी चाक जागेवर राहतं, ड्रम आणि ब्रेक जागेवर राहतात. चाक न काढता चार-सहा बोल्ट सोडून रॉड बाहेर ओढता येतो. मेस्त्रींनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप केवळ पाव टनाची, पण तिचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग होता. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये पुढे तो सेमी फ्लोटिंग झाला.

नवा रॉड टाकून काम भागलं असतं. पण हंगामात हीच गाडी पावसहून आंबा घेऊन रात्री निघते. हातखंबा, परशुराम, कशेडी. त्या घाटांत उतरताना चाक बाहेर आलं तर चिरा टाकायला वेळ मिळणार नाही. मी ठरवलं, एक्सलच बदलायचा.

कोल्हापूरला भंगारात त्याच घराण्यातल्या नंतरच्या, जास्त वजनाच्या मॉडेलचा फुल फ्लोटिंग एक्सल मिळाला. मेस्त्री सोबत आले होते. ते आधी तळाचा नट खोलून ऑइल चिमटीत चोळून बघायचे. चमचम दिसली की पुढचा नग. मग पिनियन हातानं फिरवून फेऱ्या मोजायच्या. माझ्या जुन्यात नऊ दातांचा पिनियन आणि एक्केचाळीसचा क्राऊन होता. यात पिनियन आठचा. म्हणजे चढाला जोर जास्त आणि सपाटीला वेग कमी. वेगाचा काटा गिअरबॉक्सवरून चालतो, त्याला मागचा बदल कळत नाही. आज माझा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ५३ ला असते.

बसवायला सहा दिवस लागले. त्यातले तीन पाट्यांच्या बैठकीत गेले. नव्या नळीवरच्या बैठका माझ्या चॅसिसला जुळत नव्हत्या, त्या कापून नव्यानं वेल्ड कराव्या लागल्या. इथे मेस्त्रींनी कोणालाही घाई करू दिली नाही. एका जागी सलग वेल्डिंग केलं तर नळी केळ्यासारखी वाकते आणि मग रॉड आतल्या आत घासतो. बोटभर टाका इकडे, बोटभर तिकडे, मध्ये नळी आपसूक थंड होईपर्यंत थांबायचं. पाणी मारायचं नाही. पक्का टाका मारण्याआधी हौद्यात सिमेंटच्या वीस गोण्या ठेवल्या, गाडी मालाच्या उंचीवर बसवली आणि गिअरबॉक्सचं तोंड व पिनियनचं तोंड समांतर आहेत का ते मापलं. तो कोन चुकला तर या दोहोंमधल्या शाफ्टचे क्रॉस महिन्यात जातात. शाफ्टही लांब पडत होता. तो लेथवर कापून घेतला, परत बॅलन्स करून घेतला.

ब्रेकचं काम मी सर्वांत कमी महत्त्वाचं समजत होतो, तीच खरी धोक्याची जागा निघाली. नव्या एक्सलचे व्हील सिलिंडर मोठे. पहिल्या फेरीला रिकामी गाडी ब्रेक लावताच मागून घसरली. मालाच्या वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व नव्या हाउसिंगला जोडून त्याची स्प्रिंग नव्यानं लावली, लाइनमधली हवा काढली, तेव्हा कुठे गाडी सरळ थांबायला लागली. हाउसिंगवरच्या हवेच्या भोकाला नळी लावून ती वर चॅसिसला बांधली. आपल्याकडच्या लाल चिखलानं ते भोक बुजलं की ऑइल सील फोडून लाइनरवर येतं.

काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी कळवलं होतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ बनावटीहून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. एक्सल दांडगा झाला म्हणून पासिंग वाढत नाही. चॅसिस, टायर, पुढचे ब्रेक तेच राहतात. जादा मालाचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. रस्त्यात भेटणारे गाडीवाले पहिला प्रश्न हाच विचारतात, आता किती टाकतोस?

नवा एक्सल जुन्यापेक्षा चाळीस किलोंनी जड आहे. पासिंगचं एकूण वजन तेवढंच, गाडीचं रिकामं वजन वाढलं. लाकडी पेटी वीस किलोची धरली तर पूर्वी नियमात पन्नास पेट्या बसायच्या. आता मी अठ्ठेचाळीस भरतो.