फिरती खुर्ची

मुख्याध्यापकाच्या फिरत्या खुर्चीचा एक उपयोग मला इतक्या वर्षांच्या नोकरीत ठाऊक नव्हता. तो भाच्याने दाखविला.

भाचा उत्तरेकडे वैमानिकाचे शिक्षण घेतो. केवळ यंत्रांवर विमान चालविण्याची त्याची परीक्षा जानेवारीत होती. घोड्याला लावतात तशी झापडे डोळ्यांवर. समोरचे काटे दिसावेत, बाहेरचे आकाश नाही. शेजारी परीक्षक. त्याआधी चार दिवस तो बेळगावला आमच्याकडे आला, पण जेवणात लक्ष नाही, रात्रभर दिवा चालू. बहिणीचा फोन आला, "दादा, तूच समजाव. तू एवढ्या मुलांना परीक्षेला बसवतोस!"

रविवारी त्याला शाळेत नेले. माझी खुर्ची पाहून म्हणाला, "मामा, बसा आणि डोळे मिटा." त्याने ती सावकाश, एकाच वेगाने फिरविली. थोड्या वेळाने मी विचारले, "थांबवलीस का रे?" ती फिरतच होती. मग खरोखर थांबविली, तर मी ठासून सांगितले की आता उलटी फिरते आहे. डोळे उघडले तो टिळकांची तसबीर जागच्या जागी आणि शिपाई तोंडावर हात धरून उभा!

कानातल्या नळ्यांतील द्रव वळणाच्या आरंभी मागे रेंगाळतो; वळण तसेच चालू राहिले की तोही त्याच गतीने फिरू लागतो आणि माणसाला आपण सरळच आहोत असे वाटते. ढगात हाच घात होतो. १९२९ साली अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, निव्वळ काट्यांच्या भरवशावर विमान उडवून परत उतरविले, त्याचे मोल मला खुर्चीत बसून कळले.

"मग तुला भीती कसली?"

"काट्यांची नाही, मामा. परीक्षक कागदावर काही लिहू लागले की नजर एकाच काट्याला चिकटते. उंची सांभाळावी तर दिशा सुटते. मूठ आवळते."

तेव्हा घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट मी त्याला सांगितली. नोकरीच्या सुरुवातीची खात्याची कन्नड तोंडी परीक्षा. बाजारात मी कन्नडमधून घासाघीससुद्धा करीत असे. पण परीक्षकांनी एका शब्दाला भुवई उंचावली आणि तो चुकला की काय, या विचारात पुढचे तीन प्रश्न मला ऐकूच आले नाहीत. नापास. एम.ए. झालेला माणूस! दुसऱ्या खेपेस चुकलेला शब्द तिथेच मोठ्याने सुधारला आणि पुढे गेलो.

भाचा हसला नाही. संध्याकाळी पडवीत कॉकपिटचे चित्र भिंतीला डकवून बसला. दोन बोटांत पेन्सिल हलकी धरून पुटपुटू लागला, "क्षितिज, उंची, क्षितिज, दिशा, क्षितिज, वेग." मधूनच खोकायचे, कागदावर काहीतरी खरडायचे, हे माझे काम. "शंभर फूट खाली गेलो," तो स्वतःलाच सांगे, "घेतो वर," आणि नजर पुढच्या काट्यावर.

परीक्षेच्या दिवशी दुपारी फोन आला. दाट धुक्यामुळे उड्डाणे बंद. न बघता उडण्याची परीक्षा दिसत नाही म्हणून पुढे ढकललेली! आणखी तीन दिवस ती धडधड त्याला वागवावी लागली. चौथ्या दिवशी पास झाला. हात कापत होते का, मी विचारले.

"कापत होते की! पण पेन्सिलीसारखं धरलं होतं."

पडवीतले चित्र मी अजून काढलेले नाही.