पाईपात निपाणीचं पान

मांडवी, रत्नागिरी
श्रावण शुद्ध पंचमी

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझी तंबाखूची पुडी पोचली. ‘मामा, वास घेऊन बघ आणि लगेच कळव’ असं चिठ्ठीत लिहिलंस, पण मी मुद्दामच थांबलो. पुडी उघडताच व्हॅनिला आला, त्याच्या मागून रम आली, आणि ज्या पानासाठी तू कोल्हापूरहून निपाणीला गेलास त्याचा मागमूसही लागला नाही. पुडीला येतो तो वरून शिंपडलेल्या अर्काचा वास. पानाचं म्हणणं काडी लागल्यावर कळतं, तेही पहिल्या काडीला नाहीच.

आधी ओलीबद्दल. इथे मांडवीला पावसाळ्यात तंबाखू ताटलीत पसरून ठेवली तर सुकायच्या ऐवजी जास्तच दमट होते. समुद्रावरचा वारा खिडक्या लावल्या तरी घरात असतोच, आणि तंबाखू हवेतलं पाणी शोषून घेते. ओली तंबाखू पेटवली की तिची वाफ होते आणि त्या वाफेने जीभ पोळते. मग ओढणारा दोष मिश्रणाला देतो. तुझी तंबाखू मी टेबलावरच्या दिव्याखाली सुकवली. चिमटीत दाबून सोडल्यावर तिचा गोळा राहू नये, चुराही होऊ नये, हळूहळू उलगडावी. तेव्हा तिच्यात शेकडा 13-14 भाग पाणी उरलेलं असतं. एवढं झाल्याशिवाय कुठल्याही तंबाखूला बरं-वाईट म्हणू नये.

आता चवीचं. पहिल्या काडीने वरचा थर फुगून वर येतो, तो अलगद दाबून दुसरी काडी लावावी, खरी सुरुवात तिथून. तुझ्या मिश्रणात व्हर्जिनिया आहे, ती उत्तम आहे. बंद कोठारात गरम हवेने वाळवल्यामुळे तिच्या पानातली साखर टिकून राहते. आंध्रात आणि म्हैसूरकडे ती याच पद्धतीने तयार होते. गोडसर, हलकी, धूर जरा आम्लधर्मी. तुझी रम उडून गेल्यावर हा गोडवा नीट लागला. लाटाकिया मात्र तू फार घातलीस. सीरियातल्या बंदराचं नाव असलेलं हे पान आता मुख्यतः सायप्रसहून येतं; उन्हात वाळवून मग सुगंधी झुडपांच्या धुरात कित्येक दिवस धरतात. तिचा वास मला थेट आपल्या भाजावळीचा वाटतो, मृगाआधी राब जाळतात तेव्हा डोंगरउतारावरून उतरतो तसा. मला तो फार प्रिय आहे. पण राबाच्या धुरात बाकी कशाचा वास येतो का? अर्धी वाटी जळेपर्यंत मला निपाणी सापडली नाही.

सापडली ती खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, आणि तिने ठसकाच दिला. घसा खवखवला, कपाळाला घाम आला. पाईप बाजूला ठेवून गूळ-पाणी घेतलं. तू म्हणशील, म्हणजे पान हलक्या प्रतीचं. मी तसं म्हणणार नाही, आणि त्यासाठीच हे पत्र लांबतं आहे.

ते पान विडीसाठी घडवलेलं आहे. निपाणीचा शेतकरी झाडाचा शेंडा खुडतो, बगलेतले फुटवे पुन्हा पुन्हा काढतो, म्हणजे झाडाची सगळी ताकद मोजक्या पानांत उतरते. पान जाड होतं, त्यावर तांबूस ठिपके येतात, मग कापून रानातच उन्हात वाळवतात. त्यात साखर फारशी उरत नाही. धूर अल्कधर्मी होतो आणि अशा धुरातलं निकोटीन छातीत न घेताही तोंडातूनच रक्तात जातं. विडीत ही तंबाखू पाव ग्रॅमच्या आतबाहेर असते, टेंभुर्णीच्या पानात वळलेली, पुन्हा पुन्हा विझणारी. चार झुरक्यांत काम करणाऱ्या माणसाला तरतरी यावी एवढंच तिच्याकडे मागितलेलं असतं, आणि ते ती चोख देते. तू पाईपच्या वाटीत दोन-अडीच ग्रॅम मिश्रण भरतोस. त्यातली निम्मी निपाणी धरली तरी पाच विड्या एका बैठकीत झाल्या.

आपल्याच गावात याच्या अगदी उलट उदाहरण होऊन गेलं. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणलं, 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याची राणी सुपायालात चिरूट ओढायची. किपलिंगच्या ‘मंडाले’ कवितेतली मुलगी या राणीचंच नाव लावते आणि भलामोठा पांढरा चिरूट ओढते. ब्रह्मदेशातला तो चिरूट आकाराने मोठा, पण आतला माल सौम्य, देठांचा भुगा मिसळलेला. मोठ्या चिरुटात सौम्य माल, छोट्या विडीत कडक. पानाची पारख करताना ते कशात भरणार हे आधी विचारावं लागतं.

पारखीत घाई नको हे सांगणंही फार जुनं आहे. 1604-05 च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा तंबाखू आणि एक सजवलेली नळी घेऊन गेला. आपला हा किनारा त्या वेळी आदिलशाहीतच होता. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले आणि हकिमाने अडवलं: हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, गुण-दोष ठाऊक नाहीत. त्या हकिमाचा मला आदर वाटतो. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पाहिलेल्या कुणालाही वाटेल. पाईपचा धूर गिळत नाही म्हणून आपण सुटलो असं तू समजू नकोस. मी क्वचित ओढतो, तूही क्वचितच ओढ, आणि उपाशीपोटी कधीच नको.

आणि निपाणीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्गावर ठाण मांडलं, गोळीबार झाला, माणसं मेली. वर्षभर खपून पिकवलेलं पान कुणीतरी दोन बोटांत चुरून बघावं आणि भाव सांगावा, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं होतं. म्हणून त्या पानाला एका वाटीवर नापास करायला माझं मन घेत नाही.

तर माझा कौल असा. व्हॅनिला आणि रम पूर्ण काढ. लाटाकिया दहात एक भाग ठेव, व्हर्जिनिया साडेआठ, निपाणी उरलेली अर्धा. एवढ्याशा निपाणीने व्हर्जिनियाच्या गोडव्याला कणा येईल असा माझा अंदाज आहे. मिसळून लगेच ओढू नकोस. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत दिवाळीपर्यंत राहू दे, पानं एकमेकांत मुरली पाहिजेत. आणि निपाणीचं थोडं पान काहीही न लावता वेगळं पाठव. ते मला एकटंच, लहान वाटीच्या पाईपात, जेवणानंतर ओढून बघायचं आहे.

आईला नमस्कार सांग. कळावे,

तुझा
मामा