गेमच्या डब्यावरचा शिक्का आणि आपली जबाबदारी



मागच्या दिवाळीत मी माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यासाठी गेमची डिस्क आणली. पॅकिंग छान होतं, दुकानदारही म्हणाला, "सर, एकदम ओरिजिनल आहे." मी निश्चिंत झालो. दोन दिवसांनी ताईचा फोन आला. "अरे, काय आणून दिलंस पोराला? नुसती मारामारी आणि रक्त! रात्री एकटा झोपायला घाबरतोय."

डबा पुन्हा हातात घेतला, तर समोरच कोपऱ्यात 18 हा आकडा होता. शिक्षक असूनही मी तो वाचला नव्हता. मला वाटलं होतं, एवढी मोठी कंपनी गेम बाजारात येऊ देते म्हणजे तो मुलांसाठी चांगलाच असणार. हा समज किती चुकीचा आहे, ते गेमचा इतिहास वाचल्यावर मला कळलं.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अटारी कंपनीच्या गेम-यंत्राची चलती होती. त्याच्यासाठी कोणीही कॅसेट बनवून विकू शकत होतं. अडवण्याची सोयच यंत्रात नव्हती. निकृष्ट गेम्सचा पूर आला, माल दुकानांत पडून राहिला आणि 1983 मध्ये हा धंदा कोसळला. अटारीने आपल्याच न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिको राज्यात खड्ड्यात पुरल्या. 2014 मध्ये त्यातल्या काही उकरून काढण्यात आल्या.

1985 मध्ये जपानच्या निंटेंडोने अमेरिकेत आपलं यंत्र आणलं, ते कुलूप लावूनच. यंत्रात एक चिप आणि कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचं जुळलं तरच गेम चालू. कॅसेट निंटेंडोच बनवून देणार, आणि बाहेरच्या कंपनीला साधारणपणे वर्षाला पाचच गेम काढता येणार. मान्यता मिळालेल्या गेमच्या डब्यावर सोनेरी शिक्का असे.

नव्वदच्या दशकात आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीला जोडून मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले असतील. आपल्याकडची ती बरीचशी यंत्रं निंटेंडोच्या जपानी यंत्राची नक्कल होती. त्या जपानी यंत्रात ही कुलूप-चिप नव्हती. म्हणजे आपण शिक्क्याशिवायच खेळत होतो!

आता मुद्द्याची गोष्ट. 1993 मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा गेम घरगुती यंत्रांवर आला. निंटेंडोने रक्त दाखवू दिलं नाही. त्याऐवजी घामाचे थेंब उडत. प्रतिस्पर्धी सेगाच्या यंत्रावर मात्र बटणांचा एक ठरावीक क्रम दाबला की रक्त दिसे. सेगाची आवृत्ती जास्त खपली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात निंटेंडोने रक्त जसंच्या तसं राहू दिलं. मुलं तीच होती, नियम मात्र वर्षभरात बदलला. दरम्यान अमेरिकेच्या सिनेटमध्ये यावर सुनावणी झाली आणि 1994 मध्ये तिथे गेम्सना वयाचे गट देणारं मंडळ सुरू झालं.

आजही सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निंटेंडो यांच्या मान्यतेशिवाय त्यांच्या कन्सोलवर गेम विकता येत नाही. गेम नीट चालतो का, कंपनीचे नियम पाळतो का, हे ते तपासतात. पण माझा भाचा नऊ वर्षांचा आहे, हे त्यांना कसं कळणार? ते मला माहीत होतं. मान्यता वेगळी आणि वयाचा आकडा वेगळा, एवढं लक्षात ठेवायला हवं.

दुसऱ्या रविवारी मी ताईकडे गेलो. तो गेम परत घेतला आणि फुटबॉलचा दिला. आजच्या कन्सोलमध्ये पालकांसाठी वयाचं लॉक असतं, ते ताईला शेजारी बसवून लावलं. भाचा म्हणाला, "मामा, आकडा आधी का नाही बघितलास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शिक्षक मित्रांनो, पुढच्या पालकसभेत पाच मिनिटं काढून एक डबा दाखवा आणि तो आकडा कुठे असतो ते सांगा. पालकहो, आज घरी गेल्यावर मुलांचे गेम त्यांच्यासोबत बसून एकदा बघा. रागावू नका, फक्त विचारा, "यात काय करायचं असतं रे?" मुलं भरभरून सांगतात.

तुमचे अनुभव जरूर कळवा.