टेन्शन कशाचे?

आमच्या वर्गात 'टेन्शन' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. एस. टी. चुकली की टेन्शन, ट्यूटोरियल राहिले की टेन्शन, कँटीनमधला चहा संपला तरी टेन्शन! माझ्या आईचा शब्द 'धास्ती', आणि तो ती जपून वापरते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तिला धास्ती वाटत नाही. बँकेच्या खिडकीपाशी वाटते. वास्तविक फळीवरून पाय घसरला तर कंबर मोडेल. स्लिप चुकली तर फार तर दुसरी भरावी लागेल. मग हे गणित असे उलटे का?

मानसशास्त्राच्या तासाला थोडा उलगडा झाला. लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ च्या ग्रंथात मांडले, की ताण नुसत्या प्रसंगात नसतो, तसा नुसत्या माणसातही नसतो. मन पाहते, माझे काय पणाला लागले आहे? आणि हेही पाहते, की ते निभवायला माझ्यापाशी काय आहे? मोळीच्या बाबतीत आईपाशी भक्कम उत्तर आहे : मानेची ताकद, वर्षानुवर्षांची सवय, शेजारी जोडीदार. खिडकीपाशी ती पाटी कोरी! म्हणून 'मन खंबीर कर' हा उपदेश मला पोकळ वाटतो. ऊस तोडणाऱ्या बाईला खंबीरपणा कोणी शिकवावा?

ग्लास आणि सिंगर यांचे प्रयोग तर मला फारच आवडले. १९७२ च्या त्यांच्या पुस्तकात ते आहेत. माणसांना कर्कश आवाज ऐकवला; काहींना एक बटण दिले, असह्य झाले तर दाबा, शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. तरी नंतर मुद्रिते तपासताना त्यांच्या हातून चुका कमी झाल्या. बटण आहे, एवढेच पुरले.

आमच्या घरी असे बटण कधी नव्हते. खिडकीतून 'उद्या या' आले की उद्या जायचे आणि मजुरी बुडवायची. का, हे विचारायचे असते हेच ठाऊक नव्हते. घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच; त्यामुळे सगळे कागद माझ्याकडे येतात. मागच्या सुट्टीत केवायसीसाठी काय काय विचारतात, ते मी आईला नीट समजावले.

ती एकटी गेली. काम झाले नाही. पण या वेळी कोणता कागद कमी पडला ते तिने सांगितले.

''तुला कसं कळलं?''

''म्याच इचारलं त्याला,'' ती म्हणाली, आणि भाकरी थापू लागली.