पाळी जाताना गेलेली झोप

पाळी मागेपुढे व्हायला लागली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. झोप त्याच्या आधीच बिघडली होती. दहाला डोळा लागायचा आणि अडीच-तीनच्या सुमारास छातीपासून मानेपर्यंत गरम वाफ चढल्यासारखं होऊन जाग यायची. नाशिकच्या डिसेंबरातल्या थंडीत मी पंखा लावायची, भिजलेला गाऊन बदलायची, आणि घाम सुकला की हुडहुडी भरायची. पुढे उजाडेपर्यंत नुसतं पडून राहायचं. दुपारी वर्गात शिकवताना ओळखीचे शब्द आठवायचे नाहीत.

घरात सगळे म्हणायचे, टेन्शन घेऊ नकोस, चहा कमी कर. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, पण पाळीबद्दल एक शब्द विचारला नाही. याचा राग मला अजून आहे.

शेवटी थोरल्या जाऊबाई मला स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे घेऊन गेल्या. मॅडमनी आधी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं, कारण थायरॉईड वाढलं तरी झोप उडते. दोन्ही ठीक निघालं. मग त्यांनी नीट समजावलं. पाळी जाण्याच्या या काळात इस्ट्रोजेन हे हॉर्मोन सरळ कमी होत नाही, ते वरखाली होत उतरतं. त्यामुळे मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो आणि अंग किंचित तापलं तरी घाम सोडतो. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारा एक घटक मेंदूला शांत करून झोप आणतो, तोही कमी पडतो. त्यात पहाटेकडे कॉर्टिसॉल हे जागं करणारं हॉर्मोन चढू लागतं, म्हणून त्या वेळी मोडलेली झोप पुन्हा लागत नाही. ऐकता ऐकता मला रडूच आलं. हे माझ्या मनाचे खेळ नव्हते.

माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यामुळे बराच विचार करून आम्ही हॉर्मोनच्या गोळ्या टाळल्या. नैराश्यावरचं एक औषध कमी मात्रेत वाफांवरही चालतं, ते सुरू केलं. वाफा पूर्ण थांबल्या नाहीत, पण आता बहुतेक रात्री सलग झोप लागते. इस्ट्रोजेन उतरलं की हाडं झपाट्यानं विरळ होतात, कोलेस्टेरॉल वाढू शकतं, म्हणून त्याही तपासण्या झाल्या.

चाळिशी ओलांडलेल्या मैत्रिणींनो, झोपेची तक्रार घेऊन जाल तेव्हा शेवटच्या पाळीची तारीख आणि रात्री जाग येण्याच्या वेळा लिहून न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी सांगा.